मानसोपचार ओपीडीतला कागद कमी करायचाय, पण स्टाफ परत कागदाकडेच वळतोय

प्रश्न (कोडवाला_पुणे):
नमस्कार मंडळी. गावाकडच्या एका छोट्या मानसोपचार ओपीडीसाठी टॅबवरचं अ‍ॅप करतोय. आधी दोन दिवस नुसतं बसून पाहिलं, एकाच पेशंटचं नाव-वय-पत्ता केसपेपर, ओपीडी रजिस्टर, औषधांचं रजिस्टर आणि महिन्याचा रिपोर्ट असं चार ठिकाणी लिहिलं जातं, आणि जुना केसपेपर पेशंटच्या पिशवीत असतो, तो हरवला की डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून विचारतात. म्हणून मी सगळे फॉर्म जसेच्या तसे स्क्रीनवर आणले, पीएचक्यू-९ (नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) सुद्धा. पंधरा दिवसांत सिस्टर म्हणाल्या वेळ जास्त जातोय, आणि डॉक्टर परत पेन घेऊन बसले. नक्की कुठं चुकतंय?

उत्तर १ (समाजसेविका_ताई):
दादा, तुम्ही फॉर्म आणलेत, बोलणं नाही आणलंत. पहिल्या भेटीला माणूस बोलतो ते रकान्यांच्या क्रमाने नसतं हो, आई सांगत असते झोप नाही, जेवण नाही आणि मधेच भाऊ हळूच म्हणतो की गेल्या पावसाळ्यात हा विहिरीकडे गेला होता. ते वाक्य त्याच क्षणी टिपावं लागतं आणि तुमचा टॅब म्हणतो आधी पिनकोड भरा. कागद मांडीवर असतो, नजर माणसावर राहते. एक मोकळी जागा द्या, हवं तर पेनने लिहून फोटो काढू द्या, रकाने पेशंट गेल्यावर भरू. नाव-पत्ता मात्र एकदाच घ्या आणि बाकी रजिस्टरं, रिपोर्ट त्यातून आपोआप निघू द्या, आमचा खरा वेळ तिथे जातो. आणि नेट नसताना चालायलाच पाहिजे.

उत्तर २ (मनोविकार_डॉक्टर):
ताईंशी सहमत. पीएचक्यू-९ ची बेरीज (२७ पैकी) मशीनने केली तर छानच, पण नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा आहे, तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर एकूण स्कोअर ५ असला तरी पेशंट घरी जायच्या आत मला कळलं पाहिजे. तो आकडा बेरजेत बुडवू नका.
कागदाला जे जमत नाही ते करा. लिथियम (मूडचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्या पेशंटच्या रक्तातली त्याची पातळी, थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) कधी बघायचं, क्लोझापिन (स्किझोफ्रेनियाचं औषध) सुरू केलं की पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या, हे जाड फाइलीत कुठंतरी दडून बसतं.
आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा एकदा वाचाच. कलम २३ गोपनीयतेचं, कलम २५ पेशंटला स्वतःचे वैद्यकीय कागद मिळण्याच्या हक्काचं. रिसेप्शनवरच्या मुलाला तारीख दिसावी, निदान दिसायचं काही कारण नाही.

उत्तर ३ (पेशंटची_बहीण):
मी नातेवाईक म्हणून लिहितेय. एका दवाखान्याने अपॉइंटमेंटचा मेसेज पाठवला, त्यात ‘मानसोपचार विभाग’ असं स्पष्ट लिहिलेलं, आणि आमच्याकडे तेव्हा घरात एकच मोबाइल, तो नेमका काकांच्या हातात. भावाने त्यानंतर चार महिने गोळ्या घेतल्या नाहीत, दवाखान्याचं नाव काढलं तरी उठून जायचा. प्लीज आधी पेशंटला विचारा की मेसेज पाठवू का, कुठल्या नंबरवर, आणि मजकुरात फक्त तारीख-वेळ ठेवा.

कोडवाला_पुणे:
तिघांचेही मनापासून आभार. मेसेजचा मजकूर आजच बदलला, आणि नंबर विचारल्याशिवाय तो जाणारच नाही असं केलंय. पहिल्या भेटीचे कंपल्सरी रकानेही काढतोय, फक्त नाव आणि वय ठेवतो. ताई, तारीख चुकलेले पेशंट तुम्ही आत्ता कसे शोधता?

समाजसेविका_ताई:
लसीकरणाची टिकलर बॅग बघितलीय का, कप्प्यांची कापडी पिशवी? तसंच. तारखांचे ३१ कप्पे केलेत, पेशंट गेला की त्याचं कार्ड पुढच्या तारखेच्या कप्प्यात, महिना कार्डावर लिहिलेला. संध्याकाळी त्या तारखेचं कार्ड कप्प्यात उरलं म्हणजे तो माणूस आलेला नाही. मग दुसऱ्या दिवशी फोन, नाहीच लागला तर आशाताईंना निरोप, तोही नुसता ‘ताईंनी बोलावलंय’ एवढाच. अ‍ॅप उघडल्यावर पहिल्या स्क्रीनवर हा उरलेल्या कार्डांचा कप्पा दिसू दे, बाकीचं नंतर करू.