हॅमचा (परवाना घेतलेल्या हौशी रेडिओवाल्याचा) आवाज शेजारच्या स्पीकरमधून आला, तर दोष कोणाचा? टोपणनावांनी झालेली चर्चा.

गच्चीवरचा डायपोल
साउंडबारमधून हॅमचं बोलणं ऐकू आलं की सोसायटीचा ठराव ठरलेला: अँटेना उतरवा. माझं मत उलट. कायद्याने बघायचं ते प्रक्षेपण शुद्ध आहे की नाही एवढंच. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीप्रमाणे ३० मेगाहर्ट्झखाली १०० वॅटच्या हौशी संचाची (प्रक्षेपकाची) नको असलेली उत्सर्जनं मुख्य सिग्नलपेक्षा ५० डेसिबल खाली हवीत, म्हणजे फार तर १ मिलिवॅट. तेवढं पाळलं की दोष साउंडबारचा. त्याची स्पीकर वायर अँटेना बनते आणि ॲम्प्लिफायरच्या चिपमधलं जंक्शन डिटेक्टर, म्हणजे लहरीतून आवाज वेगळा काढणारा भाग. संच कितीही स्वच्छ असला तरी ७.१ मेगाहर्ट्झवरचं बोलणं तिथे ऐकू येणारच.

फेराइट३१
अर्धंच बरोबर. शुद्धता मोजलीत संचाच्या सॉकेटवर. पुढे २५ मीटर कोॲक्स (अँटेनाची केबल) डक्टमधून टीव्ही केबलला खेटून खाली आणलीत, त्याचं काय? चोक (आवरणावरचा प्रवाह अडवणारी फेराइट रिंग) नसेल तर कोॲक्सचं बाहेरचं आवरणच प्रक्षेपण करतं, तेही लोकांच्या बेडरूमच्या भिंतीला लागून.

आधी अँटेनाऐवजी डमी लोड (शक्ती जिरवणारा रोध) लावून पूर्ण शक्तीने बोला. तरी त्रास राहिला तर गळती संचातून किंवा पॉवर सप्लायच्या वायरीतून. थांबला तर अँटेनाकडे बघा. चोकसाठी मिक्स ३१ जातीच्या फेराइटच्या २.४ इंची रिंगवर आरजी-५८ या बारीक कोॲक्सचे १० ते १२ वेढे, फीडपॉइंटला, म्हणजे केबल अँटेनाला जोडते तिथे. अँटेना एंड-फेड (टोकाला केबल जोडलेली) असेल तर आधी काउंटरपॉइज (परतीच्या प्रवाहाची वायर) द्या, नाहीतर चोक लावल्यावर एसडब्ल्यूआर (अँटेना-केबलचा मेळ दाखवणारा आकडा) बिघडतो आणि लोक चोकलाच शिव्या घालतात. एवढं झालं की मग शेजाऱ्याचं दार वाजवा.

गच्चीवरचा डायपोल
चोक मान्य. पण साउंडबारचा इलाज साउंडबारपाशीच. क्लिपचा फेराइट नुसता अडकवून उपयोग नाही. वायर तीनदा आतून फिरवली तर अडथळा साधारण नऊपट होतो, कारण तो वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. आणि याचा खर्च हॅमनेच का करावा?

एमसीबी बंद
उलट्या त्रासाबद्दल, म्हणजे घरगुती उपकरणांमुळे हॅमला होणाऱ्या, कुणीच बोलत नाही. जिन्यातल्या स्वस्त एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये इनपुट फिल्टर गाळलेला असतो, आणि ४० मीटर पट्ट्यावर (७ मेगाहर्ट्झ) एस-९, म्हणजे मीटरवर चांगलाच जोराचा, गोंगाट बसतो. हॅमला परीक्षा आणि परवाना. दिव्याची सक्तीची बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी मात्र मुख्यतः विद्युत सुरक्षिततेची. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीचं कलम १५.१२ स्पष्ट सांगतं, की विद्युत उपकरणांमुळे रेडिओ सेवेला घातक व्यत्यय होऊ नये याची काळजी प्रशासनाने घ्यावी.

शोधायचं असेल तर संच १२ व्होल्ट बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन बंद करा. गोंगाट गेला तर चोर घरातच. एकेक एमसीबी चालू करत जा. नाही गेला तर हातातला शॉर्टवेव्ह रेडिओ घेऊन जिना चढा.

फेराइट३१
१५.१२ सरकारला बांधतं, शेजाऱ्याला नाही. ते दाखवून सोसायटीचा दिवा बदलत नाही. पन्नास रुपये जास्त देऊन बरा दिवा आपणच आणून द्यावा, हे जास्त लवकर होतं.

गच्चीवरचा डायपोल
म्हणजे परवाना आमचा, भुर्दंडही आमचाच!

किल्लीवाला
मग गाड्यांच्या रिमोटचं बघा. ते ४३३.९२ मेगाहर्ट्झवर, आपला हौशी पट्टा ४३४ ते ४३८. पार्किंगमध्ये ५ वॅटच्या हँडीवर (हातातल्या संचावर) ४३५ वर बोलायचं बटण दाबलं की जवळच्या गाडीचा रिसीव्हर बहिरा होतो, कारण त्याचं पुढचं फिल्टर ढिलं असतं. परवानामुक्त उपकरणाला संरक्षण मागता येत नाही, हे खरं. पण गाडी न उघडणारा माणूस नियम वाचत बसत नाही. पार्किंगमध्ये १४५ मेगाहर्ट्झवर या, ४३५ गच्चीवरून बोला.