शब्दचर्चा: ठासणीच्या बंदुकीचं लाकूड – कुंदा की दस्ता?

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर)

माझा भाचा पेनसिल्व्हेनियात असतो. त्यानं ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या, रायफलीचा किट आणलाय. नळी, कळ, पितळी सामान आणि ढोबळ कोरलेलं मेपलचं लाकूड एवढंच त्यात येतं; तासणं, बसवणं, घोटणं सगळं आपण करायचं. आमचे काका इथेच लष्करात (पलटणीत नव्हे, दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून नाव पडलेल्या आमच्या वस्तीत) आयुष्यभर सुतारकाम करत आले. भाचा त्यांना फोनवर विचारतो, मधे दुभाषी मी. पहिल्याच शब्दाला अडलो. खांद्याला टेकतं तिथपासून नळीखालच्या टोकापर्यंतच्या त्या अखंड लाकडाला मी ‘दस्ता’ म्हटलं. काका म्हणाले, “दस्ता कुठे झालाय अजून? आत्ता तो कुंदाच आहे.” हा भेद भाषेतला, की काकांचा स्वतःचा?

उत्तर (मुरार)

मराठीत सरसकट दस्ताच म्हणतात. ‘बंदुकीच्या दस्त्यानं मारलं’ असंच आपण वाचतो. कुंदा हा आपल्याकडे हिंदीच्या शेजारानं आलेला असावा.

उत्तर (इंदूर)

हिंदीत कुंदा चालतो हे खरं, पण काकांचं म्हणणं सोडू नका. दोन्ही शब्द मुळात फारसी आहेत. ‘दस्त’ म्हणजे हात. दस्तक, दस्तऐवज त्यातलेच. दस्ता म्हणजे हातात धरायचं ते, किंवा हातात मावेल तेवढं. २४ कागदांचा दस्ता तसाच. ग्वाल्हेरकडच्या स्वयंपाकघरात इमामदस्ता असतो, त्याचा इमामाशी काही संबंध नाही. मूळ शब्द हावनदस्ता: हावन म्हणजे खल, दस्ता म्हणजे बत्ता. कुंदा म्हणजे मात्र ओंडका, लाकडाचा ठोकळा. हात लागण्याआधीचं लाकूड कुंदा आणि मुठीत बसू लागलं की दस्ता, हा भेद शब्दांच्या पोटातच आहे.

शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. तरी कारागिरांच्या तोंडी दस्ता टिकला. मला त्यात वाईट वाटत नाही. हत्यारासारखा शब्दही वापरून वापरून गुळगुळीत होतो, मग तो आपलाच.

प्रश्नकर्ता

फार आभार. आता काकांचे बाकीचे शब्द इथे नोंदवून ठेवतो, कारण ते माझ्या पिढीला माहीत नाहीत.

इंग्रजी सूचनांत ‘लॉक’ असतं. मी ‘कुलूप’ म्हणून गेलो, काका चक्रावले. घोडा पाडणारी यंत्रणा म्हणजे ‘कळ’. ती लाकडात बसवायची म्हणजे ‘कळीचं घर पाडायचं’, बिजागरीचं पाडतात तसंच. कळीच्या पाठीला काजळ लावून ती दाबून बसवायची, काढायची, काळं उमटेल तेवढंच पटाशीनं काढायचं. असं पन्नासदा. बाहेरचं लाकूड धातूपेक्षा नखभर वर ठेवायचं आणि शेवटी दोन्ही ‘एकसपाट’ करायचं.

मेपलमध्ये आडव्या लहरी असतात, काका त्यांना ‘वाघपट्टे’ म्हणतात. तिथे तंतूच वर-खाली वळलेले, म्हणून रंधा मारला की टवके उडतात. कानस चालवा, मग फुटक्या काचेच्या धारेनं खरवडा, हा त्यांचा सल्ला. नंतर ओला फडका फिरवायचा. वाळल्यावर बारीक तुसं उभी राहतात, त्याला त्यांचा शब्द ‘लव’. लव पॉलिशपेपरनं काढायची आणि पुन्हा ओलं करायचं, ती उठेनाशी होईपर्यंत.

उत्तर (इंदूर)

‘लव’ वाचून आनंद झाला! यापेक्षा नेमका शब्द सापडणार नाही. शेवटी तेल कोणतं देणार?

प्रश्नकर्ता

जवसाचं, क्रिकेटच्या बॅटीला लावतो ते. पण पक्कं, लवकर वाळणारं. तळहातानं चोळून अगदी पातळ थर द्यायचा. काका म्हणतात ‘रोगण चढवणे’.

उत्तर (मुरार)

रोगणही फारसीच, ‘रोग़न’ म्हणजे तेल किंवा तूप. आपण त्याचा अर्थ व्हार्निशपुरता करून टाकला. काकांनी तो मुळाजवळ ठेवलाय. माझं पहिलं उत्तर मी मागे घेतो. भाच्याला एक जरूर सांगा: तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, तेव्हा उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडके उघड्यावर पसरून वाळवायचे.

प्रश्नकर्ता

लगेच सांगतो. एकच जागा बिननावाची राहिलीय. नळीखाली, ठासायचा गज सरकवून ठेवतात ती लांबट खाच. काकांनाही शब्द सुचला नाही.

उत्तर (इंदूर)

पन्हळ. गजाची पन्हळ.

प्रश्नकर्ता

काकांना वाचून दाखवलं. “हो, पन्हळच,” म्हणाले आणि फोन मागून घेऊन भाच्याला स्वतः सांगितलं.