गेर पाहायची तर धुळवडीला नको

कुणीतरी मित्रांना घेऊन गेर (इंदूरची रंगांची मिरवणूक) पाहायला धुळवडीला इंदूर गाठायचा बेत लिहिलाय. तारीख चुकतेय! इंदूरचा खरा दंगा रंगपंचमीला. टोरी कॉर्नर, राजवाडा भागातून गेर निघते. टँकरमधून रंगीत पाणी, मशीनमधून गुलाल थेट तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत. राजवाडासुद्धा त्या दिवशी ताडपत्री पांघरून बसतो.

आम्ही पाच जण गेलो होतो. दोघं पहिल्या दहा मिनिटांत हरवले, फोन पिशवीत गुंडाळलेले, त्यामुळे शोधायची सोयच नाही. म्हणून भेटायची जागा आधीच ठरवा, आणि ती राजवाड्यासमोर नको (तिथेच सगळी गर्दी). आम्हाला ते दोघं थेट रात्री सराफ्यात (तिथला रात्रीचा खाऊबाजार) सापडले, भुट्ट्याचा कीस खाताना.