लोहगावच्या धावपट्टीची दुरुस्ती: रोज रात्री की सलग बंद ठेवून?

प्रश्न (धानोरीहून):
पुण्याच्या लोहगाव विमानतळाला धावपट्टी एकच असल्याने दुरुस्ती निघाली की प्रवाशांची उड्डाणे आणि आम्हा शेजाऱ्यांची झोप, दोन्हींवर गदा येते. काम रोज रात्री थोडे थोडे करावे की विमानतळ सलग बंद ठेवून एकदाच उरकावे? जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर १:
पुण्याने दोन्ही मार्ग अनुभवले आहेत. ऑक्टोबर २०२० पासून सुमारे वर्षभर रात्री ८ ते सकाळी ८ उड्डाणे थांबवून काम चालले आणि पुढे १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात विमानतळ पूर्ण बंद राहिला. रात्रीच्या कामात जुना थर खरवडणे, डांबरमिश्रण पसरून दाबणे, ते थंड होऊ देणे, नव्या-जुन्या थराच्या सांध्याला तात्पुरता उतार देणे आणि पहिल्या विमानापूर्वी खडीचा एकही कण उरला नाही ना, हे पाहणे एवढे सगळे बसवावे लागते. इंजिनात खडा ओढला गेला तर अनर्थ होतो. तरीही मी रात्रीच्याच बाजूने आहे.

उत्तर २ (विमाननगरहून):
मान्य, मात्र खरवडण्याचे यंत्र रात्रीच्या पहिल्या प्रहरातच चालवावे. डंपर मागे घेताना वाजणारा भोंगा पहाटे तीनला ऐकणे आजारी माणसाला असह्य होते.

उत्तर ३:
धावपट्टी हवाई दलाची असल्याने वेळापत्रक त्यांच्या सरावाशीही जुळवावे लागते. पावसाळा टाळून तारखा लवकर ठरवाव्यात, म्हणजे विमान कंपन्या त्या वेळेची तिकिटेच विकणार नाहीत.