स्प्रिंकलर डिझाइनला खास सॉफ्टवेअर हवंच का? (जळगाव-धुळ्याच्या कामांपुरतं बोलू)

वाघूरकाठ

फायरच्या धंद्यातला जो भेटतो तो हल्ली एकच सांगतो: आता एक्सेलवर भागणार नाही, स्प्रिंकलरचं (छतातल्या पाइपांवरची, उष्णतेने आपोआप उघडून पाणी शिंपडणारी हेडं) खास सॉफ्टवेअर घ्या. ऑटोस्प्रिंक, हायड्राकॅड, नाहीतर थेट रेव्हिट (अख्ख्या इमारतीचं थ्रीडी मॉडेल करणारं). पैसे दरवर्षी. माझं मत उलटं आहे. आपल्याकडच्या कामांना ते लागत नाही.

आपली कामं कोणती? जिनिंग-प्रेसिंग, डाळ मिल, एमआयडीसीतले चटईचे कारखाने, एखादं तीन-चार मजली हॉस्पिटल. बहुतेक ठिकाणी झाडासारखी फांद्यांची पाइपिंग. पाणी स्वतःच्या टाकीतलं आणि दाब स्वतःच्या पंपाचा. नगरपालिकेच्या लाइनवर कोण विसंबतं? आपल्याकडे तिला पाणी कधी येतं हाच प्रश्न असतो.

आता हिशेब बघा. आयएस १५१०५ (स्प्रिंकलरचं भारतीय मानक) प्रमाणे मध्यम धोक्याच्या इमारतीला दर चौरस मीटरला मिनिटाला ५ लिटर, ३६० चौरस मीटरवर (एका वेळी हेडं उघडतील असं धरलेलं क्षेत्र). एका हेडखाली १२ चौरस मीटर धरले तर हेडला ६० लिटर. के फॅक्टर (१ बार दाबाला हेडमधून मिनिटाला किती लिटर पडतं) ८०, म्हणजे शेवटच्या हेडवर ६० भागिले ८०, त्याचा वर्ग, साधारण ०.५६ बार. तिथून हेझन-विल्यम्सने (पाइपमधल्या घर्षणाचं सूत्र) एकेक तुकडा जोडत पंपापर्यंत मागे यायचं. हे एक्सेलमध्ये बसतं. लूप (फिरून परत जोडलेली पाइपिंग) असेल तर ईपानेट आहे, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं, फुकट. ड्रॉइंगला ऑटोकॅडच्या जातीचं कुठलंही स्वस्त कॅड चालतं.

उलट मत असेल तर जरूर मांडा, पण "सगळे वापरतात" हे कारण नको.

ग्रिडवाला

भाऊ, तुमचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय.

फांद्यांच्या पाइपिंगमध्ये सगळ्यात लांबचा कोपरा डोळ्यांना दिसतो. ग्रिडमध्ये (दोन्ही टोकांना जोडलेल्या पाइपांच्या जाळीत) दिसत नाही. पाणी दोन्ही बाजूंनी येतं, आणि पाण्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट जागा लांबचीच असेल असं नाही. म्हणून ते ३६० चौरस मीटर इकडेतिकडे सरकवून पुन्हा पुन्हा गणित करावं लागतं. खास सॉफ्टवेअर हे स्वतः करतं. ईपानेटमध्ये तुम्ही हाताने किती वेळा सरकवणार?

दुसरं, आणि माझ्या मते खरं कारण हेच: तुमचं ड्रॉइंग एकीकडे आणि एक्सेल दुसरीकडे. मालकाने शुक्रवारी संध्याकाळी भिंत हलवली की ड्रॉइंगवर ४० मिमीची लाइन ३२ होते, आणि एक्सेलमध्ये ४० तशीच राहते. मंजुरीला दोन्ही कागद सोबत जातात, आणि दोन्ही वेगळं बोलतात. खास सॉफ्टवेअरमध्ये पाइप एकच असतो, चित्रातही तोच आणि हिशेबातही तोच. एल्बो-टीची समतुल्य लांबी (त्यांच्या घर्षणाइतकी सरळ पाइपची लांबी) सुटत नाही. माल यादी निघते ती वेगळीच.

वाघूरकाठ

ग्रिड आपल्याकडे करतं कोण? मी तरी फार कमी पाहिलेत. शुक्रवारच्या भिंतीचा मुद्दा मात्र खरा आहे.

आयएस_की_एनएफपीए

ज्यांना विकतचं घ्यायचंय त्यांनी खुशाल घ्या, पण पहिल्या दिवशी त्याच्या पोटात काय आधीच भरून ठेवलंय ते उघडून बघा. ही सॉफ्टवेअरं बनतात एनएफपीए १३ (स्प्रिंकलरचं अमेरिकन मानक) डोळ्यासमोर ठेवून. तिथे ऑर्डिनरी हॅझर्ड गट २ ला साधारण ८.१ मिमी प्रति मिनिट (१ मिमी म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर), १३९ चौरस मीटरवर. म्हणजे ढोबळ ११३० लिटर प्रति मिनिट. आपल्या ५ गुणिले ३६० चे होतात १८००. उलट शेवटच्या हेडवर त्यांना दाब जास्त लागतो: १२ चौरस मीटरला ९७ लिटर, म्हणजे जवळजवळ दीड बार. दोन्ही पद्धती आपापल्या जागी नीट आहेत, पण पंप वेगळा येतो आणि टाकीही वेगळी येते. सेटिंग न बदलता छापलेला रिपोर्ट बाइंडिंग करून आयएसच्या नावाने फिरताना मी पाहिलाय. छपाई सुंदर होती.

पाइपचंही तेच. आत टेबल असतं शेड्यूल ४० चं (अमेरिकन पाइपची जाडी). एक इंचीचा आतला व्यास २६.६ मिमी. आपला आयएस १२३९ (पाइपचं भारतीय मानक) चा सी-क्लास, म्हणजे जाड पाइप घेतला तर पावणेसव्वीसच्या आसपास. फरक नखाएवढा, पण सूत्रात व्यासाचा घात ४.८७ आहे. घर्षण पंधरा-अठरा टक्क्यांनी वाढतं. एक्सेलवाला निदान आकडा स्वतः टाइप करतो, त्यामुळे त्याला तो माहीत असतो.

ग्रिडवाला

हा सेटिंगचा दोष झाला, सॉफ्टवेअरचा नाही. पाइपचं टेबल एकदा भरलं की जन्मभर पुरतं. आणि एक्सेलवाला आकडा स्वतः टाइप करतो हे गृहीत धरू नका. बहुतेकांची शीट कुणाकडून तरी आलेली असते, आतलं सूत्र कुणी लिहिलं ते विचारलं तर सगळे छताकडे बघतात.

ईपानेटवाल्यांसाठीही एक. के ८० तसाच एमिटरमध्ये (ईपानेटमध्ये हेड दाखवायची जागा) टाकू नका. तिथे दाब मीटरमध्ये असतो. १ बार म्हणजे १०.२ मीटर, त्यामुळे लिटर प्रति मिनिटच्या हिशेबात तोच के साधारण २५ होतो. ८० टाकलात तर हेडमधून तिपटीहून जास्त पाणी पडताना दिसेल.

फिटिंगवाला धुळे

तुमनं म्हननं बराबर शे भाऊ, पन साइटवर या जरा. तुम्ही दोघंही पंपाचं बोलताय, मला कागद लागतो. कट लेंथ (पाइप नेमका किती कापायचा) लिहिलेली असते का? नसते. सेंटर टू सेंटर (फिटिंगच्या मध्यापासून मध्यापर्यंत) असते, मग आम्ही टेपने मोजत बसतो. पर्लिन (पत्र्याखालचा लोखंडी आधार) कुठे, पाइप टांगायचे हँगर कुठे, हेड आणि पत्र्यात अंतर किती, हे कागदावर असलं तर मी सॉफ्टवेअरचं नाव विचारणार नाही. खास सॉफ्टवेअरचे कागद त्यात बरे असतात, हे मान्य करतो. पण नकाशात सरळ दाखवलेला पत्रा साइटवर उतरता निघाला की तेही काय करणार.

भुसावळकर ताई

उन्हाचं कुणीच कसं बोललं नाही? हेड किती तापमानाला उघडायचं हे सॉफ्टवेअर विचारतं तेव्हा बहुतेक जण आधीच निवडलेलं ६८ तसंच ठेवतात. लाल बल्ब (हेडमधली उष्णतेने फुटणारी काचेची कुपी). नेहमीच्या जास्तीत जास्त तापमानाच्या वर ३० अंश तरी हवेत, असा साधा नियम आहे. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पंचेचाळीस जातं, मग पत्र्याखाली, तेही हवा न खेळणाऱ्या गोडाऊनमध्ये, किती होत असेल? तिथे ७९ चा पिवळा किंवा ९३ चा हिरवा लागतो. दुपारी दोनला शिडी लावून थर्मामीटर वर धरा. कुठलंही लायसन्स लागत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत ग्रिडवाल्यांच्या जवळ जातं, पण फक्त हॉस्पिटलपुरतं. फॉल्स सीलिंगच्या वर डक्ट, केबल ट्रे, ऑक्सिजनची लाइन, ड्रेनेज, सगळ्यांना तीच दीड फुटाची जागा हवी असते. पुण्या-मुंबईच्या आर्किटेक्टकडून मॉडेल येतं ते रेव्हिटमध्ये, आणि उत्तर त्यातच मागतात. तिथे एक्सेल दाखवून उपयोग नाही. जिनिंगच्या शेडला रेव्हिट मात्र मुंगीला मुसळ.

वाघूरकाठ

ताई, हॉस्पिटलचं मान्य. तेवढ्या कामापुरतं रेव्हिट येणाऱ्या एखाद्या पोराकडून करून घेणं परवडतं. माझा विरोध आहे तो नवीन पोरांनी सुरुवातच सॉफ्टवेअरने करण्याला. २५ च्या जागी ३२ ची लाइन टाकली तर त्याच पाण्याला घर्षण साधारण चौथ्या हिश्श्यावर येतं, हे ज्याने एकदा हाताने काढलंय तो पंप वाढवण्याआधी दोन तुकडे बदलून बघतो. बटण दाबणारा मोठा पंप लावून मोकळा होतो, आणि मालक त्या मोटरचं आणि डिझेल इंजिनचं बिल भरतो.

ग्रिडवाला

सॉफ्टवेअरमध्ये तेच दोन तुकडे दोन क्लिकमध्ये बदलतात. ज्याला बघायचंच नाही तो एक्सेलमध्येही बघत नाही.

असं करू. एमआयडीसीतले चटईचे कारखाने तुम्ही वर लिहिलेत ना, त्यातल्याच एकाचं गोडाऊन घ्या. तुम्ही तुमच्या पद्धतीने काढा, मी माझ्या. आयएस १५१०५, आयएस १२३९ चा पाइप, सी १२० (हेझन-विल्यम्समधला पाइपच्या गुळगुळीतपणाचा आकडा). पंपाच्या तोंडाशी लिटर आणि बार किती येतात ते इथेच टाकू. किती वेळ लागला तेही, खरं खरं.

वाघूरकाठ

चालेल. माल पॉलिप्रॉपिलीनच्या चटयांचे रोल. शेडची मापं रात्री टाकतो.

आयएस_की_एनएफपीए

मापांच्या आधी थप्पीची उंची सांगा. प्लास्टिकचा साठा आहे, म्हणजे तो ५ मिमीचा आकडा इथे चालायचाच नाही. किती उंच रचणार त्यावर पाण्याची घनता (दर चौरस मीटरला मिनिटाला किती लिटर) ठरते. त्याशिवाय तुमचं दोघांचंही पहिलं पान भरणार नाही.

वाघूरकाठ

मालक म्हणतो आत्ता दहा फूट, दिवाळीत माल वाढला तर बघू.

भुसावळकर ताई

मग दिवाळीचा आकडा लिहून घ्या. त्याच्या सहीने.