"आजोबा, बोट नीट दाबा" – अनुभव धागा

काउंटर नंबर तीन
परवा हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो होतो. नोव्हेंबर म्हणजे आमच्यासारख्यांची वारीच. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. दुसरा अंगठा, लाल. तर्जनी, लाल. काउंटरवरचा मुलगा पंचविशीचा असेल. चांगला मुलगा हो, पण चौथ्या वेळेला म्हणाला, "आजोबा, बोट नीट दाबा ना." मागे रांगेत कोणीतरी च्च केलं. हात धुऊन आलो. कोणी म्हणालं तेल लावा, डोक्यावरून हात फिरवून आलो (तिथे तेल आहे, केस नाहीत). तरी लालच. "सोमवारी या."

तसाच जाऊन गणपती मंदिरापाशी बसलो आणि एकदम मास्तर आठवले. मी एकतीस वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीचशी काउंटरच्या आतल्या अंगाला. मास्तर दर एक तारखेला पेन्शन काढायला यायचे. धोतर, काळी टोपी, हात कापायचा. सही नमुन्याशी जुळायची नाही. मी म्हणायचो, "मास्तर, नीट करा की सही." तिसऱ्या-चौथ्यांदा पास करायचो. एकदा जरा चढ्या आवाजात बोललो, सगळ्यांनी वळून पाहिलं. ते काही बोलले नाहीत. नोटा दोनदा मोजल्या, टोपी सारखी केली आणि निघाले. पुढच्या महिन्यापासून मुलगा चिठ्ठी घेऊन यायला लागला. मला तेव्हा बरंच वाटलं होतं, रांग लवकर हलते म्हणून.

माझं वय आता मास्तरांएवढं.

तर म्हटलं धागा काढावा. बायपास आणि गुडघेबदल राहू द्यात, ते सगळेच सांगतात. रोजचं बारीकसारीक काय अडतं ते लिहा. स्वतःचं, घरातल्यांचं, कसंही.

चष्मा कुठाय
गोळ्यांची पाकिटं!! औषधवाला दहातल्या चार कापून देतो आणि नेमका नाव-तारखेचा तुकडा त्याच्याकडे राहतो. माझ्या हातात चंदेरी चौकोन. बीपीची कुठली, थायरॉइडची कुठली, देव जाणे. आता त्याच्याकडूनच मागे पेनाने लिहून घेते. तोंड वाकडं करतो. करू दे.

यवतेश्वर रोज
सातारहून हजेरी. आमच्या गावाला पेन्शनरांचं गाव म्हणतात, तेव्हा या धाग्यावर पहिला हक्क आमचा.
मला पंच्याहत्तर पुरी झाली, एसटी फुकट. २०२२ साली योजना आली तेव्हापासून वाट बघत होतो. पण फुकट आहे म्हणून चढता येतं असं थोडंच आहे? पहिली पायरी माझ्या गुडघ्याला भिडते. राजवाडा स्टँडवर एका पोरानं मागून ढकललं, कंडक्टरनं पुढून ओढलं, गव्हाचं पोतं चढवतात तसं. आत गेल्यावर म्हणतो, आधार कार्ड दाखवा. म्हटलं बाबा, आत्ता चढताना बघितलंस ना? अजून कुठला पुरावा पाहिजे तुला?

मिरजेची सून
मी पासष्टीची वाट बघत होते अर्ध्या तिकिटासाठी. तर २०२३ ला सगळ्याच बायकांना अर्धं झालं. कॉलेजच्या पोरी आणि मी एकाच भावात. ज्येष्ठत्वाला काही मानच उरला नाही.

तासगाव रोड
आमच्या आईचं ऐका. जल्मभर हळदीत हात. काढायची, शिजवायची, पालिश करायची. वर द्राक्षाच्या बागंत डिपिंग, म्हंजी घड औषधात बुडवायचं. बोटावर रेघ म्हणून ऱ्हायली न्हाई. रेशनच्या मशीनला अंगठा लागंना झालाय. आन गंमत अशी, की आई पन्नाशीत साक्षरतेच्या वर्गाला जाऊन सही शिकल्याली. रातच्याला कंदिलाम्होरं पाटीवर गिरवायची. बँकेत पैल्यांदा सही केली तवा गल्लीत पेढं वाटलं हुतं. आता ह्यो रेशनवाला म्हणतोय, आजी सही नगं, अंगठा द्या.
आई घरी यून म्हणली, मग शिकीवलं कशाला?

नुसती वाचक
"मग शिकीवलं कशाला." भाकरी थापता थापता वाचलं, तव्यावरची करपली.

काउंटर नंबर तीन
@तासगाव रोड, आईंना माझा नमस्कार सांगा. मी अशा कितीतरी बायकांच्या पहिल्या सह्या घेतल्या आहेत. एकेक अक्षर काढायच्या, पेन घामाने ओलं व्हायचं. त्या सगळ्यांचं आता काय होत असेल हे डोक्यात आलंच नव्हतं.

पुण्यातला सांगलीकर
काका, बोटांच्या नादी लागूच नका. २०२१ पासून चेहऱ्यावरूनसुद्धा दाखला होतो. फोनवर दोन ॲप घ्यायची, जीवन प्रमाण आणि आधार फेसआरडी. आधार नंबर आणि पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर हाताशी ठेवा. उजेडाकडे तोंड करून बसा, पाठीमागे मोकळी भिंत असू द्या. तो डोळे मिचकवायला सांगेल, मिचकवा, झालं. बाबांचं मी पाच मिनिटांत केलं.

चष्मा कुठाय
पाच मिनिटं? आमच्याकडे पाऊण तास. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळे मिचकवा म्हटल्यावर हे एकच डोळा मिचकवायला लागले, तेही माझ्याकडे बघून. बेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

यवतेश्वर रोज
दाखला मिळाला म्हणजे. हयात आहेत हे सिद्धच झालं की.

खडू-डस्टर
आम्ही राज्य सरकारवाले अजून यादीवर सही करून मोकळे होतो. बँकेत जायचं, आपलं नाव शोधायचं, सही ठोकायची. फक्त नाव शोधताना वरची-खालची नावं नजरेस पडतात ना, ते नको वाटतं. गेल्या वर्षी माझ्या वरच्या ओळीत जे होते त्यांचं नाव यंदा नव्हतं. एकाच शाळेत बावीस वर्षं होतो. मला यादीवरून कळलं.

पुण्यातला सांगलीकर
अरेरे.

डावा कान
फुटक्या तळ्याच्या बाजूने आम्ही चौघं रोज संध्याकाळी फिरतो. माझा डावा कान गेलेला. मशीन आहे, पण ते लावलं की रिक्षाचा हॉर्न कवटीत वाजतो आणि माणसाचं बोलणं तेवढं येत नाही. म्हणून खिशातच असतं. मग काय, हसायचं आणि मान हलवायची. नव्वद टक्के वेळा चालून जातं.
दहा टक्क्यांतलं सांगतो. मित्र म्हणाला, "थोरला गेला काल." मी म्हटलं, "वा वा! परत कधी येणार?" त्याचा थोरला भाऊ अमेरिकेत असतो, मला वाटलं सुट्टी संपवून परत गेला.
थोरला भाऊ *गेला* होता.
बाकीचे दोघं रस्त्याकडे बघायला लागले. मित्र मोठ्या मनाचा, तोच हसला आधी. पण त्या दिवसापासून मशीन कानात असतं, हॉर्न तर हॉर्न.

मिरजेची सून
देवा. हसू की रडू.

तासगाव रोड
मराठी भाषंचाच दोष हाय ह्यात, तुमचा न्हाई.

गुडघे ४०४
गुडघ्याला लावायला कुठलं तेल चांगलं? निर्गुडीचं कोणी वापरलंय का?

चष्मा कुठाय
अहो धागा काय, तुम्ही काय. (निर्गुडी चांगली. घरी काढलेलं असेल तर.)

मिरजेची सून
मला बुफेबद्दल बोलायचंय. कोणी शोधून काढलं हे? एका हातात काठी. दुसऱ्या हातात ताट. चमचा कशाने धरू? पाण्याचा ग्लास कुठे ठेवू? खुर्च्या असतात, पण भिंतीकडेला, आणि तिथे बसलं की कोणी विचारत नाही कारण सगळ्यांना वाटतं हिला दुसऱ्या कोणीतरी वाढून दिलं असेल. परवा विश्रामबागला लग्न होतं. भाचेसून मोठ्या प्रेमाने म्हणाली, "आत्या, तुम्ही बसा, मी आणते." आणलं की. पनीर, नूडल्स, आणि ते तीन रंगांचं काहीतरी. मला मसालेभात आणि मठ्ठा हवा होता, तो पलीकडच्या टेबलावर दिसत होता. पण पुन्हा कसं सांगायचं? तिला तिच्या मैत्रिणी हाका मारत होत्या.
पंगतीत वाढपी दर दोन मिनिटांनी समोर यायचा हो. नको नको म्हणण्यातही सुख होतं. आता आग्रह करणारंच कोणी नाही तर नको कोणाला म्हणू?
घरी येऊन दूधभात खाल्ला.

खडू-डस्टर
नको नको म्हणण्यातलं सुख! ताई, अगदी बरोबर. आणि जिलबीला "अर्धीच" म्हणणं.

यवतेश्वर रोज
सांगलीत लग्न आणि भडंग नाही?

पुण्यातला सांगलीकर
लग्नात कोण भडंग देतं? भडंग चहाबरोबर.

यवतेश्वर रोज
भडंग आता चावत नाही मला, म्हणून विचारलं. कवळीत अडकतं. नातू म्हणतो आजोबा, भिजवून खा. भिजवलेला भडंग! त्यापेक्षा कंदी पेढा बरा, विरघळतो तरी. तर तिथे शुगर.

तासगाव रोड
काका, भिजीवला की त्याचा सुशीला हुतो, चुरमुऱ्याचं पोहं. खावा की मग.

कृष्णाकाठ
उशिरा लिहितेय, आईची जेवणं आवरून.
२०१९ चा पूर. आम्ही सांगलीच्या गावभागात. आई तेव्हा चौऱ्याऐंशीची. सगळी गल्ली सामान हलवत होती. आई जिन्याकडे बोट दाखवून म्हणाली, "२००५ ला तिसऱ्या पायरीवर थांबलं होतं, मी डोळ्यांनी बघितलंय. त्याच्या वर नाही येत." आम्ही ऐकलं, कारण तिने खरंच बघितलं होतं. आणि २००५ चं पाणी म्हणजे शेवटचं, असं आमच्याही डोक्यात होतं. यावेळी आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५.
रात्रीत तळमजला गेला. सकाळी पोरांनी बोट आणली, तिला खुर्चीत बांधून गॅलरीतून खाली घेतलं. त्या गडबडीत काचबिंदूचे थेंब फ्रीजमध्येच राहिले, चार दिवस मिळाले नाहीत.
तिला कोणी बोललं नाही हो. एक शब्दही नाही. पण तेव्हापासून ती काही ठामपणे सांगतच नाही. आमटीत मीठ किती घालू विचारलं तरी म्हणते, "तुम्हीच बघा बाई." जिच्या हातचं चिमटीचं माप आम्ही सगळ्याजणी शिकलो ती. कधीकधी मी मुद्दाम चुकीचं काहीतरी करते तिच्यासमोर, की निदान ओरडेल. नाही ओरडत.

चष्मा कुठाय
(हात जोडलेत. काय लिहू.)

डावा कान
आईंना जुनं विचारा, ज्याचं खरं-खोटं नंतर निघणार नाही असं. लग्नातला उखाणा वगैरे. आमच्या वडिलांना तसं बोलतं केलं होतं.

कृष्णाकाठ
@डावा कान, करून बघते.

गुडघे ४०४
गावभागात कुठे? माझं माहेर तिथलंच.

कृष्णाकाठ
मेसेज करते तुम्हाला. निर्गुडीचं तेल आमच्याकडे आहे, आई लावते!

मीटर बंद
नाव बघून ओळखा. "आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, मागचं बिल अपडेट नाही." बिल भरलेलं होतं, पावती फाइलमध्ये होती. तरी फोन केला. कारण बायको ऑक्सिजनच्या मशीनवर होती, आणि साडेनऊ वाजायला सव्वा तास होता. तो गोड बोलत होता, "काका, घाबरू नका, हे ॲप टाका." अडतीस हजार गेले.
पैशाचं नाही. मुलाला चार महिने सांगितलं नाही. त्याने एकदाच "बाबा, तुम्ही पण ना" म्हटलं असतं तर माझ्या हातून सगळे व्यवहार गेले असते, हे मला पक्कं माहीत होतं. बिलं भरणं तेवढंच माझ्याकडे उरलंय.
असं झालं तर लगेच १९३० ला फोन करा. मी दुसऱ्या दिवशी दुपारी केला, उशीर झाला होता.

काउंटर नंबर तीन
तुम्ही पावती फाइलला लावून ठेवता म्हणजे तुम्ही कच्चे नाही. त्यांनी बरोबर वेळ गाठली.

मीटर बंद
आभारी आहे.

हॉस्टेलवाला
मी इथला नाही, म्हणजे वय एकवीस. आज्जी रोज फोन करते साताऱ्याहून. "जेवलास का" झाल्यावर व्हॉट्सॲपमधलं काहीतरी विचारते. काल मी ओरडलो, "किती वेळा सांगू, वरचे तीन ठिपके दाब!" ती म्हणाली, "राहू दे, तू अभ्यास कर." आत्ता हे सगळं वाचत बसलोय.

यवतेश्वर रोज
मग वाचत काय बसलास, फोन कर. आणि तीन ठिपके आम्हाला दिसत नाहीत रे, एकच उभी रेघ दिसते. "उभी रेघ दाब" म्हण.

डावा कान
आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत, सकाळी कर बाबा. आम्ही चारलाच उठलेले असतो. मी तर ११ डिसेंबर १९६७ पासून. कोयनेचा भूकंप पहाटे चार वाजून वीसएक मिनिटांनी झाला, त्या धक्क्यापासून त्याच वेळेला जाग येते मला. बायको म्हणते, भूकंप नव्हे, प्रोस्टेट.

हॉस्टेलवाला
केला फोन सकाळी साडेचारला. उचलला. "कोण गेलं?" असं विचारलं आधी.

डावा कान
हा हा हा! "गेलं" म्हणजे अमेरिकेला का?

पुण्यातला सांगलीकर
काका, तुमचा दाखला झाला का शेवटी? सोमवार होऊन गेला.

काउंटर नंबर तीन
झाला. ॲप नातवाच्या फोनवर टाकलं होतं, पण म्हटलं एकदा बँकेत जाऊन बघूच. तोच मुलगा. यावेळी तो दहाही बोटं घ्यायला बसला, एकेक करून, स्वतः पुसून पुसून. नवव्याला हिरवा दिवा लागला. डाव्या हाताची करंगळी.
निघताना त्याला मास्तरांचं सांगायचं होतं. पण मागे रांग होती.

तासगाव रोड
करंगळी! आईला आज रेशनला तीच लावाय सांगतो.