कॅन्सर परत आला आहे आणि या वेळी उपचारांना शेवटची तारीख नाही. मदत हवी आहे

माझं वय ५४. २०१६ मध्ये उजव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, किमो, रेडिएशन आणि मग पाच वर्षं टॅमॉक्सिफेन, सगळं पार पाडलं. शेवटची गोळी घेतली त्या दिवशी फाइलला रबरबँड लावून ती कपाटात सगळ्यात वर ठेवून दिली. चार महिन्यांपूर्वी परत काढली, तर रबरबँड वाळून हातातच तुटला.

जिना उतरताना कंबर दुखायची, मी वयामुळे समजत होते. पेट स्कॅनमध्ये मणक्यात आणि खुब्याच्या हाडात निघालं. परत आलेल्या कॅन्सरचा प्रकार कधी कधी बदललेला असतो म्हणून बायोप्सीही पुन्हा केली. प्रकार तोच आहे, हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (हर-टू नावाचं प्रथिन जास्त नसलेला). आता रोज लेट्रोझोल ही हार्मोन कमी करणारी गोळी, शिवाय कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारी पाल्बोसिक्लिब २१ दिवस आणि मग तिला ७ दिवस सुट्टी. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड पुढच्या आठवड्यात सुरू होईल. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा पूर्ण जाणार नाही, पण आटोक्यात ठेवता येतो. औषध लागू पडतंय तोवर तेच, मग दुसरं.

पहिल्या वेळी मी कॅलेंडरवर किमोची एकेक तारीख खोडत गेले, त्यावरच तग धरला. आता काय खोडू? घरचे म्हणतात, "मागे जिंकलीस, आताही जिंकशील." मायेनेच म्हणतात, पण ऐकलं की रडू फुटतं. उपचार मी सोडणार नाही, हे पक्कं आहे. पण रोजची जिद्द आणायची कुठून? मागच्या महिन्यात पांढऱ्या पेशी कमी आल्या म्हणून गोळ्या आठवडाभर लांबल्या, तेव्हा वाटलं मीच कमी पडले. वर्षानुवर्षं हे उपचार घेणाऱ्या मैत्रिणींनो, स्कॅनच्या आधीचे दिवस तुम्ही कसे काढता? रामबाण उपाय कृपया सुचवू नका.

प्रतिसाद:

ताई, माझं हे सहावं वर्ष. पेशी कमी होणं पाल्बोसिक्लिबमध्ये नेहमीचंच आहे, त्यात तुमचं काही चुकलं नाही. माझा डोस १२५ वरून १०० मिलिग्रॅमवर आणला, तरी औषध लागू आहे. ताप मात्र १००.४ ला पोचला तर सकाळची वाट बघू नका, लगेच फोन करा. आणि झोलेड्रॉनिकच्या आधी दात दाखवलेत का? ते चालू असताना दात काढावा लागला तर जबड्याचं हाड भरून यायला फार त्रास होऊ शकतो.

मी एका स्कॅनपासून पुढच्या स्कॅनपर्यंतचंच ठरवते. तेवढ्या दिवसांत पुरं होईल असं एक काम हाती घेते आणि पुरं करतेच. रिपोर्ट घरी उघडत नाही, डॉक्टरांसमोरच उघडते. आदल्या रात्री झोप लागत नाही, ती अजूनही लागत नाही.

धागाकर्ती:

खूप आभार. दात दाखवले नव्हते, उद्याच वेळ घेते. आणि काम सुचलं. लेकीची लहानपणची चित्रं तीन खोक्यांत तशीच पडून आहेत, ती वहीत लावायची आहेत. पहिलं खोकं तिने आत्ताच खाली काढून दिलं.